खोली नंबर सातचा कुटुंबप्रमुख

१२ नोव्हें. १९९७
जे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही, ते सरकारी कागदावर लिहायचं की नाही? बी.ए.च्या तीन वर्षांत हे कोणी विचारलं नाही.

आज जुन्या जिनिंग कारखान्याच्या लाइनी, म्हणजे कामगारांच्या खोल्या, मोजायला घेतल्या. दादांनी, माझ्या वडिलांनी, इथंच बॉयलर सांभाळला. मी सरकीच्या ढिगावर खेळून मोठी झाले. कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली. आता नदीकाठची ही सगळी जागा नगरपालिकेकडे. रस्ते, नळ, बगीचा. लाइनीत राहणाऱ्यांना तिथंच पक्की घरं. मी मोजणीची लेखनिक, रोजंदारीवर.

खोली नं. ७, कडूमावशी. कुटुंबप्रमुख कोण विचारलं तर पदर सावरून शेजारच्या गयाबाईकडे बघत राहिली. नवऱ्याचं नाव ती घेत नाही. गयाबाईनं सांगितलं, रंगनाथ. दोरीवर त्याचा पांढरा शर्ट वाळत होता. मी लिहिलं. पुढच्या रकान्यात: हजर.

रंगनाथकाका कारखाना बंद पडला त्याच वर्षी निघून गेले. नांदेडला दुसरा संसार आहे. मावशी दर आठवड्याला तो शर्ट धुते आणि वाळत घालते. लाइनीतली पोरंसुद्धा त्यावर बोलत नाहीत. मी कशी लिहिणार होते?

१९ नोव्हें.
नकाशा बघितला. जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारायला सुरुवात झाली, कापसाच्या अंगणातून सरळ रस्ता जाणार. मोठं गोदाम पाडणार म्हणे. मोजणीच्या साहेबांना म्हटलं, भिंती मजबूत आहेत, वाचनालय होईल. हसले, पण म्हणाले, "पेन्सिलनं लिहून ठेवा." लिहिलं.

दादांना बगीच्याची जागा सांगितली. "म्हंजे माझ्या बॉयलरवर घसरगुंडी टाकून राह्यले."

३ डिसें.
नोटीस लागली. कुटुंबप्रमुखानं स्वतः यायचं, फोटो आणि अंगठा द्यायचा. १८ तारखेला. न आल्यास खोली यादीतून कमी, आणि पाडापाडीत जाणार.
नं. ७ समोर माझंच अक्षर. हजर.

४ डिसें.
गयाबाईचा नवरा किसनमामा ओट्यावर बसून प्रश्न सोडवून मोकळे. "मी देतो की अंगठा. अंगठ्याला काय तोंड अस्तं का?"
गयाबाई म्हणाली, "तुमचा फोटो बघून साहेब घाबरंल."
सगळे हसले, मावशीपण. मी म्हटलं, तसं चालणार नाही. मामा म्हणाले, "शिकली ना तू. मंग तूच सांग कसं चालंल."

८ डिसें.
साहेबांना विचारलं. सोपं आहे म्हणाले. नवऱ्यानं टाकलेली आहे असा बाईचा अर्ज आणा, बाईचं नाव लावू. मला खरंच सोपं वाटलं. वाटेत अर्ज लिहूनसुद्धा काढला, चांगल्या अक्षरात.

मावशीला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.
"मला कोनी टाकलं न्हाई."
"मावशी, नुसता कागद आहे."
"कागद हाये म्हनूनच. लोक बोलले तर वाऱ्यावर जातं. कागद ऱ्हातो." मग म्हणाली, "ते कामाला गेल्ते. कामाला गेल्यालं मानूस बाहेरगावीच अस्तं."
बारा वर्षं, असं तोंडात आलं होतं. म्हटलं दुसरंच.
"घर गेलं तर?"
"जाऊ दे मंग." तव्यावरची भाकरी मला वाढली. वरून तेल-चटणी.

११ डिसें.
लाइन १ पाडली. रिकामीच होती. धूळ नदीपर्यंत. नव्या वस्तीचं स्वप्न मी महिनाभर उराशी धरून आहे. आज पहिल्यांदा त्या धुळीकडे बघवलं नाही.
मी तिचा मान ठेवला असं समजत होते. खरं तर मला काका इथं राहतात का, हे विचारायची लाज वाटली आणि मी शर्टाच्या आड लपले. तिनं शर्ट लोकांसाठी वाळत घातला होता, मोजणीसाठी नाही.

१३ डिसें.
एक वाट सुचली. नोंद लेखनिकाकडून चुकली असं लेखी दिलं तर अर्जाशिवाय दुरुस्ती होते. साहेबांना आडून विचारलं. त्यांना कळलं. "होते. पण चूक लेखी कबूल करणारा लेखनिक पुढच्या मोजणीला घेता येत नाही. तुमच्या वाचनालयाचं मग कोण बघणार?"

दादांना सांगितलं. घरात पहिल्यांदा कोणी टेबलाशी बसून काम करतंय. ते म्हणाले, "बॉयलरचा काटा चुकीचा दिसला तर मी बोंब मारायचो. मालक चिडायचा." आणि उठून गेले. हो म्हणाले की नको, कळलं नाही.

१५ डिसें.
कागद असा केला:
"खोली नं. ७ येथे दोरीवरील शर्ट पाहून, घरात चौकशी न करता, मी पुरुष हजर अशी नोंद केली. वस्तुस्थिती माहीत नसल्याने चूक झाली. चूक माझी आहे. कुटुंबप्रमुख: कडूबाई. पती कामानिमित्त बाहेरगावी."
यातलं 'माहीत नसल्याने' खोटं आहे. ते 'हजर' सोडलं तर मी कधी खोटं लिहिलं नव्हतं. बाकीचं खरं की खोटं, तो प्रश्न १२ नोव्हेंबरला होता तिथंच आहे.

मावशीला एवढंच सांगितलं की १८ तारखेला फोटोला तुलाच यायचंय. साहेब तिचं नाव धरतील की नाही, माहीत नाही. तिनं विचारलं, "त्येंचं काय लिवलं?"
"कामाला गेलेत."
मान हलवली. दोरीवरचा शर्ट काढून घडी करायला लागली.

कागद सकाळीच कचेरीत आवक खिडकीवर दिला होता. माझ्या सहीवर शिक्का पडला. मोजणीचं ओळखपत्र काढून तिथंच ठेवलं.