दासोहाच्या गोळ्या

लातूर, एप्रिल २०१६

प्रिय वहिदा,

तुझे खाजाभाई बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसलेत. चहा झाला, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, आता ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचतायत. पायाशी तुझा निळा थर्मास आहे, बर्फाने गच्च भरलेला. एवढ्या उन्हात उदगीरहून बर्फ शाबूत आणला, याचं मला खरंच कौतुक वाटलं. तुझ्या अम्मीचा, माझ्या चांदबीखालाचा ताप उतरत नाही आणि अव्वाच्या इंजेक्शनच्या उरलेल्या बाटल्या न्यायला ते आलेत, हे तू सकाळी फोनवर सांगितलंसच. मी तेव्हा नुसतं हं हं केलं. आता खाजाभाईंना म्हटलं, थोडं बसा, चिठ्ठी देते. ते म्हणाले, "लिव्हा की आरामात, गाडीला लई टाइम हाय."

इथलं म्हणशील तर सध्या आमच्याकडे पाणी रेल्वेने येतं. पूर्वी पाणी नळाने यायचं आणि पाहुणे रेल्वेने. आता पाहुण्यांनी यायचं बंद केलंय, कारण आल्यावर आंघोळीचं विचारायची सोय राहिली नाही. लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी आपण दोघी जन्मलो, त्यामुळे जिल्ह्याचं आणि आपलं वय एकच. आपल्यापेक्षा त्याचेच केस लवकर पिकले म्हणायचे. उदगीरचं काय? जिल्हा होणार, होणार म्हणून अजून पेढ्यांची ऑर्डर तयार आहे का? अव्वा म्हणायची, "जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतंय." तिचा जिल्ह्याशी तेवढाच संबंध होता.

अव्वा माझी आई कमी आणि गल्लीची जास्त; तिच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही, हे मी तुला सांगायला नको. भाकरी असो की बसवजयंतीची गव्हाची हुग्गी, आधी दुसऱ्याच्या ताटात, मग आपल्या. आमच्यात याला दासोह म्हणतात, हे लहानपणी मी तुला मोठ्या ऐटीत समजावलं होतं, आणि तू विचारलं होतंस की मग आमचा शिरखुर्मा तुझ्या पोटात जातो त्याला काय म्हणायचं. अडचण एवढीच की अव्वाने औषधालाही तोच नियम लावला. डॉक्टरांनी आठवड्याची गोळ्यांची पट्टी दिली की दोन दिवसांत तिचा ताप उतरायचा आणि कात्री निघायची. एक तुकडा शेजारच्या गुरम्माला, दाढेसाठी. एक तुमच्याकडे, खालाच्या खोकल्यासाठी. उरलेला विभूतीच्या डब्याशेजारी, पुढच्या आजारी माणसासाठी. खालाही मागे नव्हती. तिच्या पट्टीतला वाटा आमच्याकडे यायचाच. "औषध एकट्यानं खाऊ न्हाई, पोरी," अव्वा म्हणायची, "शेजारी कण्हत असल्यावर आपल्याला कुठला गुण येतो?" माणसं बरीही व्हायची. बरीचशी आपोआपच झाली असणार, पण श्रेय कात्रीला मिळालं. आपण दोघी त्याच तुकड्यांवर वाढलो आणि मला आठवतं तसं मजेत वाढलो.

मागच्या वर्षी पाऊस गेला आणि उदगीरच्या आपल्या गल्लीत टँकर सुरू झाले, तेव्हा तू रोज तिथेच होतीस. अव्वा आपली घागर भरून आणायची आणि निम्मी वाटून टाकायची. स्वतः कमी प्यायची. पाणी कमी प्यालं की बाहेर जावं लागत नाही, असा तिचा हिशेब. मग लघवीला जळजळ सुरू झाली. बायकांचं दुखणं, कुणाला सांगणार? डब्याशेजारच्या पट्टीतली एक गोळी घेतली, बरं वाटलं. परत झालं, परत एक घेतली. मी संक्रांतीला आले तेव्हा ती थंडीने कुडकुडत दोन घोंगड्या घेऊन बसली होती आणि मला म्हणत होती की हवा बदलली.

मी तिला नांदेडला नेलं. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने आपल्याहून लहान होत्या. त्यांनी अव्वाची लघवी आणि रक्त तपासायला लावलं, आणि कुठलं औषध चालतं ते दोन-तीन दिवसांनी सांगितलं. खरं तर कुठलं चालत नाही तेच सांगितलं. गल्लीतल्या सगळ्या ओळखीच्या गोळ्या त्यात होत्या. मी विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, अर्धवट औषध घेतलं की लेचेपेचे जंतू मरतात आणि दांडगे उरतात. मग वाढते ती त्या दांडग्यांचीच पिलावळ. आणि ती एका अंगात बसून राहत नाही, हाताला लागून, पाण्यातून, एका घरातून दुसऱ्या घरात जाते. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आपली गल्ली होती, अव्वाची घागर आणि तीत बुडणारे सगळ्यांचे तांबे.

एकच इंजेक्शन लागू पडेल असं निघालं. ते सुरू केलं आणि ताप उतरला. अव्वा उठून बसली, मला म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या बाईला बी एक टोचा म्हणाव, लई कण्हून राहिली." मी इतकी हसले की नर्स बघायला आली. तेव्हा मला वाटलं होतं की आपण जिंकलो. पण मूत्रपिंडं आधीच गेली होती. डोस पूर्ण व्हायच्या आत, एका सकाळी डॉक्टर फेरीला यायच्या आधीच अव्वा गेली. तिच्या समाधीवर तू बेल वाहिलास, चांदबीखाला माझा हात धरून उभी होती. बाटल्या उरल्या त्या म्हणून उरल्या. मला अव्वाची आठवण रोज येते, आणि खरं सांगते, तिचा रागही येतो. एवढ्या भल्या बाईचा राग येतो याचं जास्त वाईट वाटतं.

वहिदा, बाटल्या मी खाजाभाईंबरोबर पाठवत नाही. फोनवर सांगितलं असतं आणि तू रडली असतीस तर मी पुढचा विचार न करता देऊन टाकल्या असत्या. आईची लेक आहे मी. म्हणून लिहिलं. आमच्या घरातून तुमच्या घराला नाही म्हणायची ही पहिली वेळ आणि मला लाज वाटते आहे. पण खालाचा ताप कशाचा आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही. या बाटल्या पूर्ण उपचाराला पुरणाऱ्याही नाहीत. मेडिकलवाला नागप्पा त्या टोचेल, दोन दिवस ताप उतरेल, तुम्ही सगळे माझं नाव काढाल, आणि मग तो परत चढेल. खालाच्या अंगात आपल्या गल्लीतलेच जंतू असतील तर त्यांना आवरणारं एवढंच एक औषध उरलंय. ते अर्धं देऊन मी तिला अव्वाच्या वाटेने धाडणार नाही. तुझा फोन ठेवल्यावर मी लॅबमध्ये जाऊन एक निर्जंतुक बाटली आणली आहे, ती खाजाभाईंकडे देते. पावडरच्या इंजेक्शनला बर्फ लागत नाही, पण या बाटलीला लागतो, तेव्हा त्यांची मेहनत वाया गेली नाही. उद्या उठल्याबरोबर, एकही गोळी द्यायच्या आधी, खालाची लघवी तीत धर, झाकण घट्ट लाव, थर्मासात ताजा बर्फ घालून त्यात ती ठेव आणि खालाला घेऊन पहिल्या गाडीने ये. रात्री थंडी वाजून ताप चढला तर मात्र सकाळची वाट पाहू नकोस, तिथल्याच सरकारी दवाखान्यात ने. इथे आल्यावर डॉक्टर म्हणाले की हेच इंजेक्शन हवं, तर अव्वाच्या बाटल्यांपासून सुरुवात करू आणि कमी पडतील त्या मी आणीन, शेवटच्या डोसापर्यंत. या वेळी कुणालाच वाटा मिळणार नाही, सगळं एकट्या खालाचं. पाण्याची काळजी करू नकोस, दोन पिंपं तुमच्यासाठी भरून ठेवली आहेत. मी स्टँडवर उभी असेन. माझ्यावर चिडून आलीस तरी चालेल, पण ये.

तुझीच,
रुद्राणी