फळीवरचं पाऊल

दादा,

आज २८ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळचे साडेसात वाजले आहेत. ओट्यावर बसून मी कानशीनं कोयत्यांना धार लावत होतो, आता हात धुऊन लिहायला घेतलं आहे. कोयते दोन आहेत. त्यांतला एक गेल्या हंगामापर्यंत माझा होता. उद्या पहाटे मुकादमाचा ट्रक वेशीपाशी येईल, त्याच्या आत मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. मायला विचारून झालं.

मी आठ वर्षांचा असेन. उसाच्या फडात ट्रक भरणं चाललं आहे. ट्रकाला लावलेली फळी अरुंद आणि दवानं ओली. बाकीची माणसं डोक्यावरची मोळी एका हातानं धरून, पायाखाली बघत चढतात. तुम्ही दोन्ही हात सोडलेले. मान जरासुद्धा हलत नाही. डावं पाऊल सरळ पडतं, उजवं बाहेर वळवून नुसतं चवड्यावर, आणि ते टेकतं न टेकतं तोच डावं पुढे. वर पोचलात की अर्धी गिरकी, आणि मोळी आपली आपण ट्रकात. मग मोकळ्या अंगानं खाली येताना तुम्ही हसत असता. खालून मुकादम ओरडतो, "काय बे, ऊस भरायलास का नाचायलास?" तुम्ही म्हणता, "दोन्ही. मजुरी एकाचीच द्या." सगळी टोळी हसते.

ट्रक गेल्यावर ती फळी बांधाला टेकवून ठेवली होती. मी डोक्यावर उसाच्या हिरव्या वाढ्यांची पेंढी घेतली, हात सोडले आणि तुमच्यासारखा चढायला लागलो. तुम्ही मागून आलात आणि दंडाला धरून मला खाली ओढलंत. "असा पाय टाकायचा न्हाई. पुन्ना दिसला तर तंगडी मोडीन." मला वाटलं, माझं पाऊल चुकलं, तुमच्यासारखं नीट पडलं नाही, म्हणून तुम्ही चिडलात. मग ते नीट पडेपर्यंत मी रोज आपल्या पाचटाच्या कोपीच्या मागे, तुम्हाला दिसणार नाही असा, तेच करत राहिलो.

पुढे कावीळ झाली आणि तुम्ही गेलात. माय अर्धा कोयता झाली. कोयता म्हणजे जोडी; त्या जोडीतलं एक माणूस गेलं की उरलेल्याला मुकादम याच नावानं हाक मारतो, हे तुम्हाला मी काय सांगू. नववीत माझी शाळा सुटली आणि मी तिचा जोडीदार झालो. फळीवर मीही चढतो, पण हात धरून. मायच्या समोर ते पाऊल मी कधीच टाकलं नाही. तुमची आठवण येऊन तिला रडू येईल, असं मला वाटायचं.

हंगाम संपून गावी आलो की मी रविवारी दिंद्रुडहून बीडला जातो. बसस्टँडच्या मागे एका शिकवणीच्या वर्गात, बाकं भिंतीला सरकवून, एक ताई लोकनृत्य शिकवतात. फळ्यावर पोरांची गणितं तशीच असतात. गेल्या पावसाळ्यात हलगीच्या ठेक्यावर माझ्याकडून ते पाऊल आपोआप पडलं. ताईंनी हलगी थांबवली.

"हे परत कर. कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"कलाकार होते?"

"ऊस तोडायचे," मी म्हणालो. पोरं हसली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी तेच पाऊल सगळ्यांकडून बसवून घेतलं. मी कडेला उभा राहून बघत होतो. एका ओळीत दहा जण तुमच्यासारखे चालत होते, आणि तुम्हाला ओळखणारा तिथं मी एकटाच होतो.

ताईंचं कलापथक यंदा चार महिने गावोगाव कार्यक्रम करणार आहे. त्यांना मी पुढच्या ओळीत हवा आहे. चार महिने तेच, ऊसतोडीचे. मजुरीपोटी मुकादमाची आगाऊ उचल आषाढातच घेतली होती, पूर्ण कोयत्याची. "घरी विचार," ताई म्हणाल्या, "पण दिवाळीनंतर लगेच सांग. नाहीतर दुसरा मुलगा घेईन." गेल्या गुरुवारी माय फडावर न्यायचं तिखट डब्यात भरत बसली होती, तेव्हा सांगितलं.

"मंग मी काय आर्दी जाऊ?" ती म्हणाली. हात चालूच होते. मग म्हणाली, "नाच काय हाय ते दाखव तरी."

मी अंगणात ते पाऊल टाकून दाखवलं. तिचे हात थांबले.

"हा पाय कुठून आणलास?"

"दादांचा."

"येडा हायस का तू? तुह्या बापाच्या टाचंत धसकट घुसलं व्हतं, तुह्या जन्माच्या आधी. तिथं कुरूप झालतं. टाच टेकली की जीव जायचा त्याचा. म्हणून चवड्यावर चालायचा, अन् वर गेल्यावर चांगल्या पायावर फिरायचा. त्याला काय नाच म्हणत्यात?"

दादा, तुम्ही दंड धरून मला का ओढलंत ते तेव्हा कळलं. पोरगं लंगडं चालायला शिकतंय, हे तुम्हाला बघवलं नसेल. पण मग उतरताना हसायचात कशाला? मी मायला तेच विचारलं.

"ते मला बी ठाव न्हाई. इचारलं तर म्हणायचा, तू तुहं काम बघ." तिनं डब्याचं झाकण लावलं. माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "तुला दुखतंय का, असा पाय टाकताना?"

"न्हाई."

"मंग तू जा. सिरसाळ्याला मावशीला फोन लाव. ती बी आर्दीच हाय."

काल मुकादम आला. मावशी तिचं बोचकं घेऊन ओट्यावर बसलेली होती. तो म्हणाला, "दोन बायांचा कोयता? अन् फळीवर कोण चढायचं?"

"हे पोरगं मोठं व्हईस्तोर कोण चढत व्हतं?" माय म्हणाली. "तवा तुला दिसले न्हाई का मी?"

मुकादम माझ्याकडे वळला. "माय फळीवर अन् तू नाचायला. लोक काय म्हणतील बे?"

मावशी म्हणाली, "लोकायला म्हणावं, या मोळी उचलायला." मुकादमालाही हसू आलं, पण उचल त्यानं कमी केलीच.

तर मला विचारायचं ते हे. त्या दिवशी तुम्ही वरून "दोन्ही" म्हणालात, ती नुसती थट्टा होती का? दुखत असताना माणसाला आपलं पाऊल डौलदार पडतंय हे कळतं का? का पहिल्या चार-पाच मोळ्यांनंतर दुखणं मागे पडायचं आणि उरायचं ते वेगळंच काही असायचं? ओझं उतरलं म्हणून तुम्ही हसत होतात, की अजून काही होतं, जे मायलासुद्धा सांगण्यासारखं नव्हतं?

हिशोब तुम्ही तोंडी ठेवायचात, मी लिहून ठेवतो. कमी केलेल्या उचलीचे मुकादमाला परत द्यायचे वीस हजार. घरातून दिले चार, उरले सोळा. ते कार्यक्रमांच्या पैशांतून मीच फेडणार, मायच्या मजुरीतून नाही. पावसाळ्यापासून बीडच्या फेऱ्यांना गेले दोन हजार तीनशे. घुंगरू ताईंचे आहेत, उसने.

आणि एक राहिलं. परवा रविवारी ताईंना होकार सांगितला. सरावात त्या म्हणाल्या, "पाऊल अडतंय तुझं. काय झालं?" मायनं विचारल्यापासून उजवा पाय टाकताना मी जरा थांबतो, दुखतंय का ते बघायला. दुखत नाही. तरी थांबतो.