मनस्वीच्या डोक्यातला कोंडा

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडताच मनस्वीच्या बाईंचा फोन. मुलगी सारखी डोकं खाजवते, केसांत लिखा दिसतात, बघून घ्या. नम्रपणे सांगितलं की तो कोंडा आहे. तळोज्याला सेफ्टी ऑफिसर आहे मी. बघणं हेच माझं काम.
तरी बाल्कनीत उजेडात नेऊन टेस्ट घेतली. नेटवर लिहिलंय, कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला चिकटून बसते. झटकलं. पडलं नाही. नखाने ओढावं लागलं. निष्कर्ष: कोंडा चिवट आहे. शाम्पू आणला.
रंजिताला कळवायचं नाही. ती मे महिन्यापासून शिरढोणला माहेरी आहे. थोडा चेंज. एकट्याला पोर सांभाळता येत नाही, असं म्हणायला तिला निमित्त नको.

४ नोव्हेंबर
गणिताच्या वहीवर ऊ चालत होती. ठीक. उवा आहेत, मान्य. मी हट्टी माणूस नाही.
आता रूट कॉज. कारण सापडल्याशिवाय उपाय नाही, हे मी कंपनीत सगळ्यांना शिकवतो. चहा संपायच्या आत सापडलं. पारू गणपतीनंतर आपल्याकडे कामाला लागली. शाळा सुटली की तिची रूपा इथेच येते. दोघी पोरी सोफ्यावर डोक्याला डोकं लावून मोबाइल बघतात. पारू आदिवासी वाडीवरची. आणखी काय सिद्ध करायचं?
मनस्वीच्या कानामागे खाजवून रक्त आलंय. उद्या बघू.

५ नोव्हेंबर
पारूला शांतपणे सांगितलं, उद्यापासून नको. वैयक्तिक काही नाही, हायजीनचा प्रश्न आहे. तिने रूपाला स्वयंपाकघराच्या दारात बसवलं, तिच्या दोन्ही वेण्या सोडल्या आणि म्हणाली, "साहेब, तुमी बघा तरी. मग बोला."
मी बघितलं नाही. बघितलं की वाद वाढतो. रूपा मान खाली घालून बसून राहिली, केस तोंडावर. मनस्वी बेडरूमच्या दारातून बघत होती.
सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. नाव घेतलं नाही. फक्त, बी विंगमध्ये मुलीला सोबत घेऊन कामाला येणारी. बरेच अंगठे आले. कर्तव्य केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
मेडिकलमधून औषध आणलं. बाटलीवर दहा मिनिटं लिहिलंय. कंपन्या भिऊन कमीच लिहितात. मी रात्रभर ठेवायचं ठरवलं, वर टॉवेल गुंडाळून. मनस्वी म्हणाली चुरचुरतं. म्हटलं, म्हणजे काम करतंय.

९ नोव्हेंबर
कपाळावर फोड. डोळे सुजलेत. बाटली डुप्लिकेट असावी. मेडिकलवाल्याची तक्रार करणार.

१० नोव्हेंबर
स्किनच्या डॉक्टरबाईंकडे. आधी फोडांवरून मला बोलल्या. मग मनस्वीचा एक केस बोटांत धरून दाखवला. लीख मुळाशीच घातली जाते, पुढे केस वाढतो आणि तिला लांब नेतो. मुळाजवळच्या तपकिरी असतात, त्यांतून पिल्लं निघायची आहेत. लांबची पांढरी नुसती टरफलं. "हे टरफल चार बोटं लांब आहे. पाच-सहा महिने झाले असतील. घरात हिचे केस कोणी विंचरत नाही का?"
मनस्वी म्हणाली, मीच विंचरते.
पाच-सहा महिने म्हणजे मे-जून. पारू सप्टेंबरात आली. पण डॉक्टरबाई तरुण आहेत, अनुभव कमी. आणि मनस्वीचे केस भरभर वाढतात, आईसारखे. त्यामुळे तो हिशोब इथे लागू नाही.
त्यांनी सांगितलेला उपाय: ओल्या केसांत बारीक फणी, रोज, पंधरा दिवस. केस कापायची गरज नाही म्हणाल्या. ग्रुपवर दुरुस्ती टाकावी का? नको. लोक गोंधळतात.

१२ नोव्हेंबर
रोज फणी प्रॅक्टिकल नाही, माझी शिफ्ट फिरती. धोका मुळातूनच काढायचा, हा सेफ्टीचा पहिला नियम. सलूनमध्ये नेऊन झीरो मशीन मारलं, फोड सांभाळून. केस कमरेपर्यंत होते. मनस्वी रडली नाही, चांगलं लक्षण. एवढंच विचारलं, मम्मीला मी ओळखू येईन का. म्हटलं, लगेच.

१४ नोव्हेंबर
शाळेत बालदिन. मनस्वीचा ग्रुप डान्स होता. टोपी घालून गेली, तासाभरात बाईंनी घ्यायला बोलावलं. कोणीतरी टोपी ओढली म्हणे. मुलं कणखर होतात अशाने.
कोणीतरी तिच्या डोक्याचा फोटो काढला, तो शिरढोणपर्यंत पोचलाय. मी पाठवला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रंजिता आली, सोबत तिचा भाऊ निकेश. मी सगळी कारवाई क्रमाने सांगायला घेतली. तिने ऐकलं नाही. मनस्वीला मांडीत घेऊन त्या डोक्यावरून हात फिरवत बसली, फोड चुकवत. मग म्हणाली, "मी रागाने गेले होते. तिला तुझ्याकडे ठेवलं, कारण तिचं तुझ्यावाचून हलत नाही म्हणालास."
निकेशने कपडे आणि दप्तर भरलं. मी म्हटलं, दोन दिवस जाऊ दे, हवापालट. मनस्वीने जाताना हात केला.

१९ नोव्हेंबर
पारूला परत बोलवायचं ठरवलं. मनात राग ठेवायचा नाही. वॉचमन विठूला विचारलं. तो म्हणाला, मेसेजनंतर बाकीच्या घरांनीही तिला काढलं. नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली. कुठल्या, ते माहीत नाही. रूपाची शाळा विचारली, तर म्हणाला, भट्टीवर कसली शाळा साहेब, पोरी विटा वाहतात.
परिस्थिती वाईट आहे या लोकांची. सरकारने काहीतरी केलं पाहिजे.

२३ नोव्हेंबर, रविवार
शिरढोणला फोन केला. मनस्वी आली फोनवर. डोक्यावर खरखरीत केस आलेत म्हणाली, मम्मी तेल लावते. परत कधी येतेस विचारलं. ते तिला ऐकू गेलं नसावं.
म्हणाली, "पप्पा, रूपाला सॉरी सांग. उवा माझ्याच होत्या. तिला माझ्यामुळे झाल्या असतील."
सांगतो म्हटलं.
आज सांगशील का, तिने विचारलं.
हो म्हटलं, परत यायला लागलीय ती, इथेच आहे, किचनमध्ये.
मग तिने रूपाकडे फोन दे म्हटलं.