सत्तावीस नंबरचा मग

खडकी, पुणे ३
२२ ऑगस्ट २००४

आदरणीय रावसाहेब दाजी यांना रतनचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तिकडे तुम्ही दोघं नागपूरच्या उकाड्यात ठीक असाल असं धरून चालतो. तुमचा गुडघा दुखतो असं नंदाताई फोनवर म्हणाली, पण उजवा की डावा ते तिने सांगितलं नाही, त्यामुळे मला नीट काळजी करता येत नाही. पुढचं सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर कंस टाकता येत नाहीत.

पिंपरीचा आपला कारखाना बंद पडल्यापासून मी खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत देखभालीचं काम बघतो, हे तुम्हाला माहीत आहेच. (एसी, जनरेटर, लिफ्ट सगळं माझ्याकडे. डिप्लोमावाले तिघे हाताखाली आहेत. हे मी आपणहून सांगत नाही, कोणी विचारलं तर सांगतो.) तिथे प्रत्येक मजल्यावर चहाचं मशीन आहे. बटण दाबलं की कागदी कपात नव्वद मिलिलिटर चहा पडतो, म्हणजे यंत्राच्या कागदपत्रांत नव्वद, मी मोजला तर ब्याऐंशी. माणूस तीन घोट घेतो आणि कप टाकतो. मीटिंगमध्ये पाण्याच्या बाटल्यांचं तसंच. झाकण उघडायचं, एक घोट घ्यायचा, बाटली विसरायची, बाहेर येऊन दुसरी उघडायची. मला या मुलांचा राग येऊ लागला होता. मग वाटलं, रतन, आधी स्वतःचा हिशेब बघ. म्हणून जून महिन्यात मी वापरलेला एकही कप टाकला नाही. धुऊन, वाळवून, एकात एक घालून टेबलामागे उभा करत गेलो. महिनाअखेर एकशेपंधरा झाले. त्यातले तीन पाहुण्यांनी वापरले होते, ते वजा केले. उरले एकशेबारा. उंची तीन फूट दोन इंच. एका माणसाचा एक महिना, आणि त्या मजल्यावर माणसं एकशेचाळीस.

एचआरमधली निकिता (वय सव्वीस, मनाने चांगली, पण वाक्य एका भाषेत संपवत नाही) तो खांब बघून म्हणाली, "काका, हे काय आर्ट वगैरे आहे का?" मी म्हणालो, "नाही, माझा गुन्हा आहे." ती हसली, पण तिथेच बसून तासभर मी सांगितलेलं ऐकत राहिली.

काय सांगणार दुसरं? आपलं कँटीन सांगितलं. भिंतीवरची ती सागवानी फळी, तिच्यावर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला पांढरा एनॅमलचा मग, निळी कड, बुडाशी लाल रंगात नंबर. तुमचा सव्वीस, माझा सत्तावीस, अठ्ठावीस बद्रीनाथअण्णांचा. (एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप बाहेर वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा, ते बाबांकडून ऐकलेलं होतं. म्हणून कामावरच्या पहिल्या दिवशी ते खिळे बघून माझे पाय दारातच अडकले. तुम्ही मागून म्हणालात, "नीट बघ की. सगळ्यांचेच आहेत." तेव्हा कुठे मी आत आलो.) दहाला आणि सव्वातीनला भोंगा व्हायचा. दहा मिनिटं चहा. बाहेर तो पितळी नळ, जमिनीपासून जेमतेम दीड फूट, त्यामुळे उकिडवं बसल्याशिवाय मग धुता यायचा नाही, आणि नळापुढे कायम रांग. आणि त्याच दहा-दहा मिनिटांत मी अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी पुस्तकं वाचून मोटार रिवाइंडिंग शिकलो, मग एसी शिकलो. सतरा वर्षांत अकरा पुस्तकं. आज माझ्यावर जी कंपनी चालते (निदान जिचा गारवा चालतो) ती त्या वीस मिनिटांवर चालते, असंही सांगितलं. आणि शेवटी ठासून म्हणालो, "कोणी कोणाचा मग धुवायचा नाही. ज्याचा त्याने."

निकिताला ते इतकं पटलं की पंधरा दिवसांत एकशेचाळीस स्टीलचे मग आले. फळी मी स्वतः रंधली, हुक लावले, नंबर रंगवले. सत्तावीस मी माझ्याकडे ठेवला. कागदी कप बंद, छोट्या बाटल्या बंद. पहिले चार दिवस फळीपुढे फोटो काढायला गर्दी होती. पाचव्या दिवसापासून बेसिनमध्ये मगांचा ढीग. "काका, कॉल आहे", "काका, क्लायंट लाइनवर आहे." एकाने तर मगात साय धरेपर्यंत चहा ठेवला आणि वर नंबर चुकीचा रंगवलाय म्हणून तक्रार केली. (नंबर बरोबर होता. तो फळी उलट्या बाजूने मोजत होता.) तरी संध्याकाळी सगळे मग लख्ख धुतलेले, आपापल्या हुकाला. मला वाटलं, पोरं सुधारली. मनातल्या मनात मी तुम्हाला हे कळवूनही टाकलं.

परवा शुक्रवारी पॅन्ट्रीत गेलो तर मालनबाई, म्हणजे आमच्या मजल्याची साफसफाई बघतात त्या, बेसिनशी उभ्या. बोटं पाण्याने पांढरी पडलेली. म्हणाल्या, "रतनसाहेब, आधी मी कप पिशवीत भरून खाली टाकत होते, दहा मिनिटांचं काम. आता दोन तास घासते. कचरा कमी झाला म्हणता, झाला की. तो माझ्या हातात आला." मी म्हणालो, "पण नियम आहे, ज्याचा त्याने." त्यांनी ढिगातून एक मग काढून बूड माझ्यासमोर धरलं. सत्तावीस. "ह्यांना सांगा की मग," म्हणाल्या. "रोज एसी बिघडतो ह्यांचा." आणि वर विचारलं, "तुमच्या त्या कारखान्यात कोण धुवायचं हो?"

घरी येऊन हिशेब मांडला. चहा प्यायला चार मिनिटं, नळाच्या रांगेत पाच, धुवायला एक. झाली दहा. मग अकरा पुस्तकं कधी वाचली?

पुढच्या सोमवारी, तीस तारखेला, निकिताने मला सगळ्या मजल्यापुढे कारखान्याची पद्धत सांगायला उभं केलंय. त्यावर ठरणार आहे: कागदी कप परत आणायचे, की मग ठेवायचे आणि मालनबाईंनी धुवायचे. तिसरं काही निघत असेल तर ते मलाच बोलून काढावं लागेल.

नंदाताईला नमस्कार.

आपला,
रतन

ता. क. कारखान्यातला माझा सत्तावीस नंबरचा मग तुमच्याकडेच आहे (नंदाताई त्यात चमचे ठेवते). तुमचा चेतन शनिवारच्या गाडीने इकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवा. सव्वीस नंबरचाही पाठवा. सोमवारी दोन्ही पुढ्यात ठेवून बोलणार आहे.

दुसरा ता. क. तो मग मी सतरा वर्षांत एकदाही धुतला नाही. माझ्या हातातून रिकामा मग काढून घेऊन "तू वाच" म्हणत तुम्ही नळावर जात होतात. हे मी विसरलो नव्हतो, फक्त सांगताना गाळत होतो. सोमवारी गाळणार नाही, तुमची हरकत नसेल तर.

तिसरा ता. क. एनॅमलवरचा चहाचा डाग तुम्ही कशाने काढत होतात, तेही कळवा, मला येत नाही. आणि नळाशी बसताना कोणता गुडघा टेकत होतात? दुखतोय तो तोच का?