पावणेतीनचा पिवळा कागद

प्रिय पासंग,

नमस्कार. तू माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा, म्हणून आधी मीच करतो. पण हरवलेल्या वजनांच्या पेटीवरून आपलं जे भांडण झालं त्यात चूक तुझी होती, म्हणून तो अर्धाच समज. वहिनींना मात्र पूर्ण नमस्कार. तब्येत कशी आहे? खोकला गेला का? उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की अजून डाव्यावरच भागवतोस? मला काटा आणि तुला पासंग म्हणायचे त्या आपल्या काटे-दुरुस्तीच्या दुकानात शून्य बघतानाही तू एक डोळा मिटूनच बघायचास, त्यामुळे तुला फारसा फरक पडत नसेल असं मला वाटतं. इकडे मी ठीक. ठीक म्हणजे गुडघे, कान, झोप आणि पोट सोडून बाकी सगळं. चार वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आज हा कुठून उगवला असं तू म्हणशील. काही काम नाही. सहज लिहितोय. (मी सहज कधी काही केलं नाही हे तुला माहीत आहे, पण माणूस बदलतो.)

घरचं सांगतो. मुलगा अजून जहाजावरच स्वयंपाक करतो. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी, आणि घरी आला की जमीन हलते म्हणून झोपून राहतो. सून हॉस्पिटलात नर्स. तिची ड्युटी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ती घरात आहे की नाही ते मी दाराशी चपला बघून ओळखतो. पोरगी गुणी आहे. कितीही दमून आली तरी ‘बाबा, गोळी घेतली?’ विचारल्याशिवाय राहत नाही. मी ‘घेतली’ म्हणतो. झालं आमचं दिवसाचं बोलणं. राहिली नात. तुला आठवत असेल, ती जन्मली तेव्हा हॉस्पिटलाच्या काट्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून आपण दोघांनी दुकानातला ताजा तपासलेला काटा रिक्षात घालून तिकडे नेला होता आणि तिचं वजन बरोबर पावणेतीन किलो भरलं होतं. (त्यांचा काटा पन्नास ग्रॅमने खोटा निघाला. मोठ्या नर्सबाईंनी आपल्याला काट्यासकट बाहेर काढलं, तेव्हा तू म्हणाला होतास की चला, निदान एक तरी खरं वजन घरी येतंय.) तेव्हापासून मी तिला पावणेतीनच म्हणतो. आता सतराची आहे, बारावीला, आणि रस्त्यात त्या नावाने हाक मारलेली तिला खपत नाही.

आई-बाप वेळेला सापडत नाहीत, म्हणून शाळेत पालक म्हणून माझं नाव दिलंय. त्यामुळे दर महिन्याला समुपदेशक बाईंचं पत्र येतं ते मला. समुपदेशक कोण, तर शाळेत मुलांचं मन तपासणारी बाई. ती शिकवत नाही, मारत नाही, नुसती ऐकते, आणि त्याचा तिला पगार आहे. आपल्या वेळी शाळेत फक्त नखं तपासायचे. या बाईंच्या पत्राची सुरुवात ‘प्रिय पालक’ अशी असते. पासंग, मला ‘प्रिय’ म्हणणारं महिन्यातलं हे एकच टपाल. दुसरं येतं ते विजेचं बिल, त्यात मी नुसता अकरा आकडी नंबर असतो. तेव्हा बाईंचं पत्र मी तीनदा वाचतो. एकदा उभ्याने, एकदा चष्मा पुसून, आणि एकदा चहाबरोबर.

पत्रात दोन भाग असतात. पहिला विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा. आठ ग्लास पाणी प्या, आठ तास झोपा, श्वास आत घेऊन सात आकडे थांबा, रोज रात्री वहीत दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा. पावणेतीन हे पत्र वाचत नाही. कागद एवढा प्रेमाने लिहिलेला, तो वाया कसा घालवायचा? म्हणून मीच सगळं पाळायला लागलो. आठ ग्लास पाण्याने काय झालं ते वहिनींच्या घरी जाणाऱ्या पत्रात लिहिण्यासारखं नाही. श्वास धरला तेव्हा पाचव्या आकड्याला कपाटं फिरायला लागली, सहाव्याला मी भिंत धरली, सातवा आलाच नाही. वहीचं मात्र जमलं. परवाची नोंद सांगतो: ‘नळ गळायचा थांबला. पावणेतीन हसली (फोनकडे बघून, पण माझ्या समोर). तिसरी गोष्ट उद्या लिहीन.’ अशा उद्यावर टाकलेल्या तिसऱ्या गोष्टी माझ्याकडे बऱ्याच साठल्यात.

दुसरा भाग कॉलेजचा. प्रत्येक मुलाने तीन कॉलेजं निवडायची, एक हमखास मिळणारं, एक आवाक्यातलं आणि एक उंच उडीचं. मला हे पटलं, काटा तपासायलाही आपण हलकं, मधलं आणि भारी अशी तीन वजनं लावायचोच की. पावणेतीनने उंच उडीला काय लिहावं? समुद्राच्या तळाचा अभ्यास. कॉलेज रेल्वेने पुरे दोन दिवस लांब. बाप समुद्राच्या वर, ही समुद्राच्या खाली आणि जमिनीवर मी एकटा. पण मी एक शब्द बोललो नाही. उलट शेजारच्या शिंप्याला सांगून आलो की आमची नात तळाला जाणार आहे. (त्याने ‘अरेरे’ म्हटलं. त्याला काय कळतंय?)

आता मुख्य हकीकत. या महिन्याच्या पत्राला एक पिवळा कागद टाचलेला होता. ‘प्रिय पालक, सोबतचा कागद भरून सोमवारी दुपारच्या आत यावा.’ सोमवारी सकाळी बघतो तर पावणेतीन शाळेत गेलेली आणि पिवळा कागद पाण्याच्या तांब्याखाली तसाच कोरा. शाळेचा कागद उशिरा जाणार म्हटल्यावर मी चहा तसाच ठेवला. वाचून बघितला. नाव लिहू नये, फक्त हजेरीचा नंबर, तो वर छापलेला. खाली प्रश्न. झोप किती लागते? पाणी किती पिता? पासंग, पाच महिने मी बाईंचं सगळं इमानाने पाळत होतो. मला वाटलं, आता त्या तपासायला आल्या. वाटणारच! मी पेन काढलं आणि खरं खरं लिहिलं.

झोप: चारला जाग येते, मग पंख्याकडे बघतो. पाणी: आठ ग्लास, पण त्रास होतो. शरीराची काही तक्रार: दोन्ही गुडघे, जिन्याला जास्त. जेवण कोणाबरोबर घेता: रेडिओबरोबर. मित्र किती: होते. तीन या वर्षात गेले. एक आहे, पण भांडण आहे. घरात मोकळेपणाने कोणाशी बोलता: सगळे कामात असतात, त्यांचा दोष नाही. कशाची भीती वाटते: पुढच्या वर्षाची. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता: वर.

कागदाची घडी घालून मी स्वतः चालत जाऊन शाळेच्या फाटकातल्या पेटीत टाकला. येताना इतकं हलकं वाटत होतं की भाजीवालीशीसुद्धा घासाघीस केली नाही. मला असं काही कोणी विचारलं त्याला किती वर्षं झाली ते आठवायचा प्रयत्न करत घरी आलो. आठवलं नाही.

दोन वाजता शाळेतून फोन. ताबडतोब या. धावत गेलो. (म्हणजे माझ्या मानाने धावत.) मी पोचायच्या आधी काय झालं ते नंतर कळलं: बाईंच्या खोलीत पावणेतीन मधे, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापक, आणि दारात खेळाचे सर, का कोण जाणे, पण छाती काढून उभे. बाई अगदी तरुण आहेत, आवाज मऊ. त्यांनी म्हणे पोरीचा हात धरून तासभर विचारलं होतं, ‘तुझे तीन मित्र गेले, बाळा, आणि तू कोणाला सांगितलंही नाहीस?’ ही म्हणाली, ‘कुठे गेले?’ मग बाईंनी विचारलं, ‘गुडघे कधीपासून दुखतात?’ आणि मग, जरा थांबून, ‘वर म्हणजे कुठे?’ तेव्हा पोरीने कागद ओढून घेतला आणि बघताक्षणी म्हणाली, ‘अहो, हे माझ्या आजोबांचं अक्षर आहे!’ खेळाचे सर निघून गेले. मुख्याध्यापकांनी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकून घेतलं.

मी आत गेलो तेव्हा ती तो कागद वाचत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं, हसेल. हसली नाही. बाई मला म्हणाल्या, ‘आजोबा, हा कागद मुलांसाठी असतो.’ मी म्हटलं, ‘बरं, चुकलं. मोठ्यांचा कागद कुठाय? तो भरून देतो.’ त्यांनी टेबलाचा खण उघडला, बंद केला, आणि म्हणाल्या, ‘तसला कागद नसतो आमच्याकडे.’ मग हात पुसायच्या कागदांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी एक घेऊन चष्मा पुसला.

घरी येताना रस्ता ओलांडताना पोरीने माझा हात धरला. तिसरीनंतर पहिल्यांदा. मी समजून चुकलो की आता काहीतरी बिघडणार. आणि संध्याकाळी बघतो तर तिने नवी यादी केलेली, उंच उडीचं कॉलेज गाळलेलं, आणि हमखासवालं, चौकातलं, जिथे घंटा झालेली आपल्या गच्चीवर ऐकू येते, ते पहिलं घातलेलं.

‘हे काय?’

‘तिकडची हवा दमट असते. मला सोसणार नाही.’

‘तुला जन्मात सर्दी झाली नाही.’

‘आता होईल.’

‘पावणेतीन, खोटं वजन लावू नकोस माझ्यासमोर.’

‘आणि तुम्ही? “मी मजेत आहे” म्हणता रोज! रेडिओबरोबर जेवता तुम्ही!’

यादीवर पालकाची सही लागते. नव्या यादीवर मी करणार नाही म्हटलं. जुनी ती पाठवणार नाही म्हणाली. दोन्ही कागद त्या सोमवारपासून टेबलाच्या खणात शेजारी शेजारी पडलेत, आणि शेवटची तारीख या शुक्रवारची. तुला माहीत आहे, मी सहावीत असताना मास्तर असाच एक कागद घेऊन आमच्या घरी आले होते. वरच्या शाळेचा, वसतिगृहाचा. माझ्या वडिलांनी सही केली नाही. दुकानात मी एकटा पडतो म्हणाले. वाईट नव्हते रे, खरंच एकटे पडले असते. पण मी काटे दुरुस्त करत बसलो ते बसलो, आणि कुठलाही शाळेचा कागद दिसला की अजून माझा हात पेनाकडे जातो.

काल पोरीने अट घातली. तुमचं बोलायला कोणी आहे असं दिसलं तर जाईन. मी म्हटलं, ‘आहे की. पासंग आहे.’ ती म्हणाली, ‘चार वर्षांत त्यांचा फोन आलेला मी ऐकला नाही.’ मी म्हटलं, ‘तू शाळेत असतेस तेव्हा येतो.’ तिने माझ्याकडे बघितलं, तू एक डोळा मिटून शून्य बघायचास ना, अगदी तसं.

असो. इकडचं हे असं आहे. काळजी करू नकोस. नातवंडांना आशीर्वाद, डोळ्याला जप, आणि खोकल्यासाठी आठ ग्लास पाणी मात्र पिऊ नकोस.

तुझा,
काटा

ता. क. वजनांची पेटी सापडली. माझ्याच पलंगाखालच्या ट्रंकेत, बायकोच्या मागे राहिलेल्या शालींच्या खाली, माझ्याच हाताने बांधलेल्या गाठीत. मागच्या पावसाळ्यातच सापडली होती. तेव्हा वरचा नमस्कार पूर्ण करून घे.

दुसरा ता. क. एक छोटंसं काम होतं. येत्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मला फोन कर. तूच केला पाहिजेस, मी केलेला ती धरणार नाही. तेव्हा ती समोर बसलेली असेल आणि फोनचा आवाज मोठा करून ठेवेल, म्हणून चार वर्षं वगैरे काढू नकोस. गेल्या आठवड्यातच बोललो असं बोल. ‘काय म्हणतो गुडघा?’ असं सुरू कर, पुढचं मी सांभाळतो. मला शिव्या घातल्यास तर उत्तमच, तिची खात्री पटेल. आणि तुझ्याकडे अधूनमधून कोणाचा तरी फोन येतो, तू चारदा ‘हॅलो’ म्हणतोस आणि पलीकडून कोणी बोलत नाही. तो मी असतो. घाबरत जाऊ नकोस.

तिसरा ता. क. सुट्टी संपली की ती जाईल. मग खात्री पटवायला इथे कोणी असणार नाही, म्हणजे नियमाने तुझं काम संपलं. तरी त्यानंतर एखाद्या गुरुवारी सहाला सवयीने तुझा हात फोनकडे गेला, तर मी घरीच असेन.