टरफलांच्या कुंड्या

१७ एप्रिल
भंगारवाला येऊन मशीन बघून गेला. कामच नाही, गाळा सोडायचा तर तेही जाणारच. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी घेतलेलं, हाताने दांडा ओढून वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबायचं. शाळेतून आले की मी इथेच बसून डब्यांच्या झाकणांच्या कडा कातरायचे, बाबा गुणगुणत दांडा ओढायचे. फार आठवतं. आता ते अंधेरीच्या या गाळ्याचं नावही काढत नाहीत.

२० एप्रिल
शेवटचा प्रयत्न. आरेतल्या नर्सरीच्या मॅडमना कुंड्या हव्यात. कमी प्लास्टिकच्या, उन्हात न वाकणाऱ्या. प्लास्टिकच्या दाण्यांत अंड्यांच्या टरफलांची पूड आणि चिकणमाती मिसळली की ताठपणा येतो, असं वाचलंय. जमलं तर ऑर्डर, आणि मशीन राहील. भुर्जीच्या गाडीवरून दोन पिशव्या टरफलं आणली. आतला पापुद्रा सोलून सोलून बोटांची वाट लागली.

२६ एप्रिल
टरफलं दळायची कशात? मिक्सरला आई हात लावू देईना. नेली बोरिवलीच्या मसाल्याच्या डंकावर. डंकवाला म्हणाला, "ताई, सगळ्यांचा मसाला झाला की शेवटी घालतो हां." झकास बारीक पूड. जरा तांबूस वाटली. असेल, म्हटलं.

२७ एप्रिल
कसली असेल! मशीन तापलं आणि गाळाभर मिरचीचा खकाणा. शेजारच्या गाळ्यातले शिव्या देत बाहेर. डंकातली उरलीसुरली मिरची सगळी माझ्या पुडीत. मूर्ख मी!
घरी गेले तर केसांना वास. बाबा म्हणाले, "गो, मसालो भाजलंस काय?" सांगितलं सगळं. इतके हसले, इतके हसले. किती महिन्यांनी. मग मीच रडले.

३ मे
बाबा गाळ्यात आले! स्वतःहून. पूड धुऊन पुन्हा वाळवलेली होतीच, पण माती हातात घेऊन लगेच, "ओली माती घातलंस तर बुडबुडे येतले." तव्यावर भाजायला लावली. हे मी वाचलं होतं, आणि विसरले.
पाच कुंड्या. एक तडकली, चार ताठ. दांडा काही मला ओढू देईनात.

८ मे
चारही कुंड्या आरेत उन्हात. मॅडम म्हणाल्या, "पंधरा दिवस बघू, मग सांगते." आणि भंगारवाल्याला मी उद्याचा शब्द देऊन बसलेय.
दुपारी गाळ्यात त्याचा फोन. मी उचलायच्या आत बाबांनी घेतला. "मशीन चालू आहे रे, नंतर कर."
मशीन बंद होतं.