नदीकाठी थांबणारं संगीत

प्रिय आई,

काल आपल्या नागपुरात आमचा कार्यक्रम झाला. साठ वादक, भरलेलं सभागृह, आणि वाजवलं काय, तर व्हिडिओ गेमचं संगीत! सकाळपासून फोन थांबत नाहीये. सगळ्यांना सगळं सांगून झालं. पण त्यातलं एक फक्त तुलाच कळेल, म्हणून लिहायला बसले.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू किती वैतागली होतीस! बत्तीस वर्षं रामदासपेठेतल्या ऑफिसात फायली हलवलेली बाई घरी बसून करणार काय? दादा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा गेमचा डबा टीव्हीखालीच राहिला होता. एका दुपारी मी घरी आले, तर तू पाय स्टुलावर टाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तो खेळत होतीस. हरवलेल्या बहिणीला शोधायला घोड्यावर निघालेली एक मुलगी. तिचं तू नावही ठेवलं होतंस, सुमन!

राक्षस मारण्यात तुला काडीचा रस नव्हता. "काहून मारू वं त्याले? तो आपला गुमान बसला आहे," म्हणायचीस आणि घोडा वळवायचीस. तुला नुसतं फिरायचं असायचं. त्यातल्या एका नदीकाठी तर तू तास तास काढायचीस. तुझ्या माहेरच्या, रामटेकच्या धानाच्या बांध्या, ती पाण्याने भरलेली भातशेतं आठवतात म्हणायचीस.

एकदा हाक मारून मला जवळ बसवलंस. "ऐक बरं. मी चालली की पुरा बाजा वाजते. थांबली की ढोल बंद होते, एकच व्हायोलिन राहते. पुन्हा चालली की बासरी येते, मंग सारे. माह्यासाठी थांबून राहते वं ते! तुमच्या कार्यक्रमात कोणी थांबते का असं?"

मी हसले.

"तुले वाजवता येते का हे?"

आणि मी काय म्हणाले? "आई, गेमचं संगीत आहे ते. तेच तेच फिरत राहतं. यासाठी का मी पंधरा वर्षं हात झिजवले?"

तू फक्त "बरं" म्हणालीस आणि आवाज कमी केलास. त्यानंतर माझा रियाज चालू असला की तू टीव्ही मुका करून खेळायचीस. माझा रियाज संपला की भिंतीपलीकडून पुन्हा ती नदी ऐकू यायची. महिनोन्‌महिने.

सदरमध्ये राहणाऱ्या सरांकडे व्हायोलिन शिकायला तूच मला आठ वर्षं स्कूटीवर नेलंस. वर्ग संपेपर्यंत उन्हाळ्यात, थंडीत बाहेर बसून राहायचीस. आणि मी तुला शिकवायला निघाले, संगीत कशाला म्हणतात ते!

पण थोडं तुझ्यावरही रागावू का? घरात शेवटचा शब्द नेहमी तुझा असायचा. मग तेव्हाच का गं हट्ट धरला नाहीस? "वाजव म्हणते ना!" एवढं म्हटलं असतंस तर मी कुरकुरत का होईना, वाजवलं असतं. मग एक दिवस तुझी छाती दुखू लागली, आणि चौथ्या दिवशी तू नव्हतीस.

यंदा ऑर्केस्ट्राकडून कार्यक्रमाची यादी आली तेव्हा मी जवळजवळ नकार लिहून ठेवला होता. सातव्या ओळीवर तुझ्या गेमचं नाव दिसलं. नकार खोडला. पहिल्या व्हायोलिनची जबाबदारी मागून घेतली.

कालचा तो भाग असा होता: मंचावर एक कॉलेजची मुलगी प्रत्यक्ष गेम खेळणार, मागे मोठ्या पडद्यावर तो दिसणार आणि आम्ही सोबत वाजवणार. नदीचा तुकडा चार वेळा वाजवायचा, तेवढ्यात ती पूल ओलांडणार, असं ठरलेलं. तालमीत रोज ओलांडायची. काल हजार माणसांसमोर तिची बटणं चुकत गेली. घोडा पाण्यात पडला, बाहेर आला, पुन्हा पडला. आमचं चार वेळा वाजवून झालं, पाच वेळा झालं. मग ती गोठलीच. पडद्यावर सुमन नुसती उभी! मागून कोणीतरी हसलं. आमच्या कंडक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुढे काय, ते नोटेशनमध्ये नव्हतंच.

मला मात्र माहीत होतं. मी वाजवता वाजवता मागे वळले आणि मान हलवून सगळ्यांना थांबायची खूण केली. ढोल थांबला, सगळे गज खाली आले. मी एकटीच वाजवत राहिले. हळू, तिला घाई न करता. त्या मुलीने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि घोडा एक पाऊल पुढे नेला. मी बासरीवाल्याकडे मान हलवली. तो आला. ती पुलावर चढली आणि कंडक्टर बाईंनी दोन्ही हात उचलले. साठच्या साठ वाजले, आई! लोक उठून उभे राहिले. ती मुलगी रडत होती आणि हसतही होती.

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, "हे लिहिलेलं नव्हतं. कुठून शिकलीस?"

"घरी," मी म्हणाले. "आईकडून."

इतकं नीट मी आजवर कधी वाजवलं नव्हतं. हे मी नम्रपणा सोडून सांगते आहे. ज्याला मी तेच तेच म्हणायचे, त्यात समोरच्या माणसाची वाट पाहायची जागा ठेवलेली असते. तुला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

आता एक वचन देते. दिवाळीनंतर आम्ही आठ जण रामटेकला, तू शिकलीस त्या शाळेच्या पटांगणात वाजवणार आहोत. मामीला पहिल्या रांगेत बसवीन. ती अर्ध्यातच मोठ्याने विचारणार, "हे काय वाजवून राहिली वं तू?" मी गज खाली ठेवीन, तिच्याजवळ जाऊन बसेन आणि तिला कळेपर्यंत सांगेन. मग तिला जे ऐकायचं असेल ते वाजवीन.

उशिरा का होईना, तुझ्या बाजूला आलेली,

तुझी
मृणाल